आधी बोट, मग मोबाईल

मोबाईलच्या स्क्रीनवर निळा ठिपका बरोब्बर लाल रेषेवर होता आणि मी कड्याच्या टोकावर उभी होते. पुढे वाट नव्हतीच, खाली झाडांचे शेंडे दिसत होते. पाऊस नुकताच थांबला होता, स्क्रीनवर थेंब साचले होते, ओल्या अंगठ्याने झूम करायला गेलं की नकाशा भलतीकडेच सरकायचा, मग तो शोधून परत आणायचा, टीशर्टच्या आतल्या बाजूने स्क्रीन पुसायची, परत झूम. चार-पाच वेळा तरी केलं असेल असं. दरवेळी ठिपका रेषेवरच. आणि या सगळ्यात मी एकदाही मान वर करून डावीउजवीकडे बघितलं नाही, हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं.

सोबत मैत्रीण होती. ती म्हणाली, "चल, मागे फिरू." बरोबर होतं तिचं. पण मी मागे वळले आणि पोटात गोळाच आला, कारण समोर जे जंगल होतं ते मी जणू पहिल्यांदाच बघत होते. त्यातूनच तर आम्ही गेला पाऊण तास चालत आलो होतो, पण मला त्यातलं एक झाड ओळखू येईना. कुठे उजवीकडे वळलो, ओढा एकदा ओलांडला की दोनदा, मधे चढ लागला होता का, काही म्हणजे काही आठवेना. आठवणार तरी कुठून, त्या पाऊण तासात मी जंगल बघितलंच नव्हतं, हातातला एवढासा चौकोन बघत आले होते.

वाट शेवटी तिने काढली. बुटाची लेस सुटली म्हणून ती मधे एका झाडापाशी टेकली होती, वीज पडून एका अंगाने काळं पडलेलं झाड, आणि ते तिच्या डोक्यात राहिलं होतं. ते झाड हेरलं, तिथपर्यंत गेलो, मग तिला आठवलं की येताना ओढ्याचा आवाज डाव्या कानाला होता, म्हणजे आता तो उजव्या कानाला यायला पाहिजे. तसं ऐकत ऐकत वीसेक मिनिटांत आम्ही वाटेच्या खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या एका लगोरीपाशी पोचलो. येताना मी तिच्या अगदी शेजारून गेले असणार. खरी वाट तिथूनच घळीत उतरत होती.

घरी आल्यावर मी त्या लाल रेषेचा जरा विचार केला. ती आली कुठून होती? कुणीतरी कधीतरी तिथून चालून गेलं, त्याच्या मोबाईलने ते नोंदवलं, त्याने ट्रॅक अपलोड केला, मी डाऊनलोड केला. मी त्याला वाट समजत होते, खरं तर ती होती एका अनोळखी माणसाच्या एका दिवसाची नोंद. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. पण अरुंद घळीत किंवा कड्याच्या पोटाशी सॅटेलाईटचा सिग्नल सरळ येत नाही, कातळावर आपटून येतो, म्हणजे जास्त अंतर कापून येतो, मोबाईलला हे कळायला मार्ग नसतो, तो तेच अंतर खरं धरतो आणि ठिपका बाजूला जाऊन बसतो. आता त्या माणसाच्या नोंदीत अशी चूक, माझ्या ठिपक्यात अशी चूक, आणि दोन्ही चुका एकाच अंगाला गेल्या की ठिपका रेषेवर अगदी छान बसणार. शहरात वीस मीटर चुकले तर आपण रस्त्याच्या दुसऱ्या फुटपाथवर दिसतो. कड्याच्या काठाला वीस मीटर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

आणि कंटूर रेषांचंही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडून नकाशावर काढलेल्या रेषांचंही, तसंच. बऱ्याच अ‍ॅपमधल्या कंटूर ज्या डेटावरून काढलेल्या असतात तो फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने मोजलेला आहे. अकरा दिवसांत पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजून काढली, केवढं मोठं काम! पण त्यात जमिनीचा साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा तुकडा म्हणजे उंचीचा एक आकडा. पंधरा मीटरचा उभा कातळ त्या आकड्यात विरघळून जातो, आणि दाट जंगलात तर रडारच्या लहरी बऱ्याचदा झाडीतच अडतात, खालच्या जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. कागदी नकाशाचंही काही वेगळं नाही, कंटूर २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील तर दोन रेषांच्या मधे एक अख्खा कडा लपू शकतो. जो कडा मला डोळ्यांना दिसत होता तो नकाशात नव्हताच, आणि मी नकाशावर विश्वास ठेवला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या ट्रेकला ठरवलं की काही म्हणजे काही न्यायचं नाही, मोबाईल गाडीत बंद करून ठेवायचा, घड्याळसुद्धा काढून ठेवायचं. पूर्वीचे लोक काय जीपीएस घेऊन फिरायचे का, हे वाक्य मी त्या काळात खूप वेळा बोलले, आणि मनापासून बोलले. आणि खरं सांगते, पहिले दोन तास फार सुंदर गेले. फोटो काढायचा नव्हता, किती किलोमीटर झाले ते बघायचं नव्हतं, स्पीड किती ते माहीत नव्हतं. एका ओल्या दगडावर गोगलगायीने ठेवलेला चकचकीत माग होता, तो दगडाच्या कडेपर्यंत जाऊन तिथून परत फिरला होता, ते बघत मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. असा वेळ मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

वर पठारावर पोचलो आणि धुकं आलं.

धुकं म्हणजे दहा पावलांच्या पलीकडे पांढरी भिंत. सपाट पठार, सगळीकडे सारखंच गवत, सारखेच दगड, ढोरवाटांचं जाळं, त्यातली प्रत्येक वाट खरी वाटते आणि पन्नास पावलांवर गवतात विरून जाते. आम्ही तिघं होतो. सरळ जाऊ, काठ लागेलच, असं म्हणत निघालो आणि बराच वेळ अगदी खात्रीने सरळ चाललो. मग चिखलात बुटाचा ठसा दिसला. मित्र आनंदाने म्हणाला, "कुणीतरी गेलंय इथून!" मी वाकून बघितलं. टाचेच्या नक्षीचा एक कोपरा तुटलेला होता. माझ्या डाव्या बुटाच्या टाचेचा कोपरा तुटलेला आहे.

आपण याला चकवा लागला म्हणतो. माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून तिथेच येतो. मी ते गोष्टीतलंच समजत होते. मग वाचलं की संशोधक यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे चक्क तपासून बघितलं होतं, जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात लोकांना सांगितलं की सरळ चालत राहा, आणि त्यांची वाट जीपीएसने नोंदवली. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात लोक गोल फिरले, स्वतःचीच वाट परत परत ओलांडली, आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं २० मीटर व्यासाइतकी लहान झाली. एक पाय लांब असतो म्हणून असं होतं असं पूर्वी सांगायचे, त्यात तथ्य सापडलं नाही. "सरळ म्हणजे कुठे" हा आतला अंदाजच थोडा थोडा घसरत जातो आणि बाहेर डोंगर, सूर्य, चंद्र असं काही धरायला नसेल तर त्याला दुरुस्त करणारं कुणी उरत नाही.

त्या ठशापाशी आम्ही बसून राहिलो. ते एक शहाणपण सुचलं. धुकं विरळ व्हायला किती वेळ लागला सांगता येणार नाही, घड्याळ नव्हतं. पण तिघांपैकी एकजण भिजलेला होता, जोराचा वारा सुटला होता, त्याचे दात वाजायला लागले, मग थोड्या वेळाने तो गप्पच झाला आणि विचारलेल्याला उशिरा उत्तर द्यायला लागला. थंडीत माणूस असा मंदावायला लागला की ती धोक्याची खूण असते हे मला माहीत होतं. त्याला मधे घेऊन, आमची कोरडी जाकिटं त्याच्यावर टाकून आम्ही बसलो, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, खाली गाडीत एक वस्तू बंद करून ठेवलीये जी एका मिनिटात सांगेल की काठ कुठल्या बाजूला आहे. ती न आणण्याचा हट्ट माझा होता, आणि त्याची किंमत तो मोजत होता. काही झालं नाही, धुकं फाटलं, उतरलो. पण तो त्याचा उशिरा आलेला "हो" मला अजून टोचतो.

आणि पूर्वीच्या लोकांबद्दल मी जे बोलायचे त्यात किती अज्ञान होतं तेही नंतर कळत गेलं. पॅसिफिक महासागरात मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे माऊ पियाइलुग यांनी १९७६ साली होकुलेआ नावाची शिडाची दुहेरी होडी हवाईहून ताहितीला नेली, सुमारे ४००० किलोमीटरचा समुद्र, होकायंत्रसुद्धा न वापरता. तारा कुठे उगवतो, लाटा होडीला कुठल्या बाजूने उचलतात, पक्षी संध्याकाळी कुठल्या दिशेला जातात, यावर. त्यांच्या परंपरेत अंतर मोजण्याची एक पद्धत आहे, तिला एतक म्हणतात, त्यात असं मानतात की होडी जागेवर स्थिर आहे आणि बेटं सरकत मागे चालली आहेत. हे वाचलं तेव्हा मी चपापले, कारण मोबाईलमध्येही तेच तर असतं, ठिपका मधोमध स्थिर आणि नकाशा खालून सरकतोय! पण माऊंच्या डोक्यात न दिसणारी बेटंसुद्धा आपापल्या जागी सरकत असायची, सगळा समुद्र तिथे होता. माझ्याकडे चार बोटांची स्क्रीन होती आणि तिच्या बाहेर काही नव्हतं. ते गॅजेट नसलेले लोक नव्हते हो, ते लहानपणापासून शिकलेले लोक होते. मी काही न शिकता फक्त मोबाईल गाडीत ठेवला होता.

त्यामुळे आता कुणी जीपीएसला नावं ठेवली की मला वाईट वाटतं. ती वस्तू खरंच थक्क करणारी आहे. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून तीसेक सॅटेलाईट दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात आणि प्रत्येक जण सारखं एवढंच सांगत असतो की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले. मोबाईल फक्त ऐकतो, सिग्नल पोचायला किती उशीर झाला त्यावरून अंतर काढतो. उशीर मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. वरची घड्याळं आइनस्टाईनच्या सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते दुरुस्त केलं नसतं तर ठिपका रोज काही किलोमीटर सरकत गेला असता. आपल्या मोबाईलमध्ये तसलं अचूक घड्याळ नसतंच, म्हणून जागेसाठी तीन आणि वेळेसाठी एक असे कमीत कमी चार सॅटेलाईट लागतात. आणि हे सगळं पूर्वी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं असायचं, सामान्य माणसाला १०० मीटरपर्यंत चुकीचं उत्तर मिळायचं, मे २००० मध्ये अमेरिकेने ते बंद केलं. ट्रेकिंगमध्ये जीपीएसला खरा अर्थ आला तो त्यानंतर.

एक गोष्ट मात्र लोकांना अजून सांगावी लागते, रेंज नसली तरी जीपीएस चालतं. सॅटेलाईट ऐकायला नेटवर्क लागत नाही, फक्त नकाशा आधीच डाऊनलोड केलेला पाहिजे. एअरप्लेन मोडवर टाका, बॅटरी कितीतरी जास्त टिकते, नाहीतर मोबाईल दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि दुपारीच मान टाकतो. थंडीत तो आतल्या खिशात, अंगाशी ठेवायचा, कारण गारठ्यात लिथियम बॅटरी चाळीस टक्के दाखवता दाखवता अचानक बंद पडते. फार दुर्गम भागात जात असाल तर सॅटेलाईटवरून मदत मागणारा बीकन वगैरे घ्यायचा की नाही यावर मी वादच घालत नाही, घ्यावा.

मग प्रश्न काय उरला? माझ्यापुरता असा उरला की त्या कड्यावर मला मागचं काही का आठवत नव्हतं.

लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांवरचं संशोधन बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, एलिनॉर मॅग्वायर यांचं, २००० सालचं. शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करणाऱ्या या लोकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. मला त्याहून जास्त भिडलं ते २०१७ चं काम, ह्यूगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांचं. लोकांना लंडनच्या सोहो भागात व्हिडिओमधून फिरवलं, काहीवेळा स्वतः वाट शोधायला लावली, काहीवेळा कुठे वळायचं ते सांगितलं. स्वतः शोधताना नवीन रस्ता लागला की हिप्पोकॅम्पसमधली हालचाल वाढायची, चौकात जितके फाटे जास्त तितकं डोकं जास्त कामाला लागायचं. सूचना ऐकत चालताना तसं काही दिसलं नाही. तेच रस्ते, तेच डोळे. आपण एखादी वाट नीट माहीत असली की म्हणतो, ती माझ्या पायाखालची आहे. त्या दिवशी वाट माझ्या पायाखालून गेली पण पायाखालची झाली नाही, आणि त्याचं कारण मला त्या संशोधनात सापडलं. मी अख्ख्या वाटेवर स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून गेली काही वर्षं मी एक साधी गोष्ट करते. मोबाईल असतो, चार्ज केलेला, ऑफलाईन नकाशा घातलेला, पण सॅकमध्ये. हातात कागदाची प्रिंट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, १:५०,००० स्केल, म्हणजे २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. प्रत्येक फाट्यावर, खिंडीत, ओढा ओलांडला की थांबायचं आणि नकाशावर बोट ठेवायचं की आपण इथे आहोत. नुसतं "इथे कुठेतरी" असं गोल फिरवायचं नाही, नखाचं टोक टेकवायचं. आणि का, तेही बोलायचं. ही डाव्या हाताची डोंगराची सोंड नकाशातली ही, ओढे दोन झाले, सूर्य पाठीशी आहे. वेळेचाही हिशेब धरायचा, स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून कामाला येतो, दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. हे सगळं झाल्यावर मगच वाटलं तर मोबाईल काढायचा.

सुरुवातीला माझं बोट अर्धा-अर्धा किलोमीटर चुकायचं. पण चुका बघत गेले तसं त्यात काहीतरी दिसायला लागलं. मी चढावर नेहमी बोट पुढे ठेवते, दमलेली असते म्हणून वाटतं की खूप आलो. उताराला उलट, मागे ठेवते. दाट झाडीत मला दिशा डावीकडे सरकलेली वाटते, का ते अजून कळलेलं नाही. स्वतःबद्दलच्या या गोष्टी मला आधी कुणी सांगू शकलं नसतं, आणि ठिपका नसता तर मलाही कधी कळल्या नसत्या, कारण चूक किती हे सांगणारंच कुणी नव्हतं. म्हणजे ज्याच्यामुळे मी वाट बघायचं विसरले होते तेच आता मला वाट बघायला शिकवतंय, फक्त त्याला मी माझ्यानंतर बोलू देते.

दुसरी सवय मागे वळून बघण्याची, ती मैत्रिणीकडून उचलली. परतताना वाट दिसते ती उलटी, चढताना ज्या दगडाची सपाट बाजू दिसते त्याची येताना शेवाळलेली पाठ दिसते. म्हणून फाट्यावर चार पावलं पुढे जाऊन वळायचं आणि बघून घ्यायचं, येताना हे असं दिसणार आहे. पाच सेकंद लागतात.

मागच्या ट्रेकला भाची सोबत होती, तेरा वर्षांची. खिंडीत बसलो, नकाशा मांडीवर घेतला, मी बोट ठेवलं, तिने ठेवलं, दोन बोटांमध्ये चांगलं दीड सेंटीमीटर अंतर. मी तिला सोंड दाखवली, वेळेचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "पण मावशी, ओढे तीन झाले." मी म्हटलं दोनच. मोबाईल काढला, चालू केला. ठिपका यायला वेळ लागत होता, अर्धा मिनिट, मिनिट, ती तोवर आकाशाकडे बघत होती. "आत्ता आहेत ते वर? दिवसा पण?" मी म्हटलं, आहेत, आठ-दहा तरी असतील, आपल्याला दिसत नाहीत. ती तरी बघत राहिली.

ठिपका आला तो तिच्या बोटाच्या जागेवर, अगदी नखभर इकडे. माझं बोट अलीकडच्या खिंडीवर होतं. "तो कोरडा होता ना, दगडांचा, तो पण ओढाच होता," ती म्हणाली, मोबाईल बंद करून माझ्या सॅकच्या खिशात टाकला, चेन लावली, आणि उठून पुढे निघाली. चार पावलांवर थांबली, मागे वळली, मी अजून नकाशा घडी करत होते, माझ्या डोक्यावरून तिने खिंड नीट बघून घेतली, आणि मग उतरायला लागली.